पाठव, पाठवा, पाठवाल का

पाऊस यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवसांत वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पंखा गरम वाराच खाली ढकलत असतो, शेजारच्या शेडमधल्या ग्राइंडरचा आवाज दातांत बसतो आणि टेबलावरच्या कागदांवर हात ठेवला की घामाने चिकटतो. साडेतीनला फोन वाजला. म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. यॉर्कशायरच्या एका कंपनीला आम्ही गेली अकरा वर्षं व्हॉल्व्ह पाठवतो, तिथल्या खरेदी बघणाऱ्या बाई होत्या. त्या नेहमी आधी हवापाण्याचं विचारतात. मी इथल्या उन्हाचं सांगते, त्या तिथल्या पावसाचं सांगतात, मग कामाला सुरुवात. त्या दिवशी त्यांनी हवेचं काही विचारलंच नाही. थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘हॅव वी डन समथिंग टु अपसेट यू?’ आमच्याकडून काही चुकलं का? मला काहीच कळेना. मग त्यांनी आमच्याच ऑफिसातून गेलेली मेल मला परत धाडली. तीन ओळी होत्या. सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग टुडे इटसेल्फ. कन्फर्म द क्वांटिटी. डू द नीडफुल, म्हणजे योग्य ते करा.

मेल आमच्या नव्या मुलाची होती. नवापुऱ्यातला, घरी मराठी, मेकॅनिकलचा डिप्लोमा, कामाला लागून सहा महिने झालेले. वयाने मोठं कुणी टेबलाशी आलं की खुर्चीतून उठून उभा राहणारा मुलगा. त्याला बोलावलं आणि मेल दाखवली. त्याने तीनदा वाचली. स्पेलिंग तपासलं, ड्रॉइंगचा नंबर तपासला. त्याला चूक सापडेना, कारण तिथे तशी चूक नव्हतीच. मग मी सांगितलं की त्या बाईंना हे रागावून लिहिल्यासारखं वाटलं. त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाला, ‘पण ताई, मी मनात पाठवाच म्हटलं होतं. पाठव नव्हतं म्हटलं.’

हे वाक्य डोक्यातून जाईना.

संध्याकाळी अ‍ॅक्टिव्हावरून दांडिया बाजारला घरी येताना मी तेच घोळवत होते. पाठव. पाठवा. पाठवावं. पाठवावे ही विनंती. पाठवता का जरा. पाठवाल का. द्या ना पाठवून. पाठवा हं, विसरू नका. एकच काम, पण प्रत्येकाचा माणूस वेगळा. ‘पाठव’ हे भावाला, मैत्रिणीला, आईलाही चालतं. ‘पाठवा’ मामांना, दुकानदाराला, साहेबांना. आपल्याकडे मान क्रियापदाच्या शेपटाला असतो. एक काना लावला की समोरच्याला बसायला पाट मांडल्यासारखं होतं. वडोदऱ्यात तर याला गुजरातीचीही जोड आहे. ‘मोकलो’, म्हणजे पाठवा, वेगळं आणि ‘मोकलजो’ वेगळं. त्या ‘जो’मध्ये ‘तुमच्या सवडीनं, पण आठवणीनं’ असं सगळं येतं. हा मुलगा दिवसभर व्हेंडरांशी ‘मोकलजो’ म्हणतच बोलतो, एवढ्या मऊपणाने की मला कधी कधी वाटतं याने जरा आवाज चढवावा. तोच मुलगा इंग्रजीत लिहायला बसला आणि त्याच्या हातात उरलं नुसतं ‘सेंड’. त्याला शेपूटच नाही, मग काना लावायचा कुठे? त्याने मनात म्हटलेलं ‘वा’ इथेच मकरपुऱ्यात राहिलं आणि तिकडे पोचला तो हुकूम.

शाळेत आम्हाला सांगायचे, इंग्रजीत बोलताना आधी प्लीज लावा. प्लीज म्हणजे कृपया. पण कृपया हा आपल्या तोंडचा शब्द आहे का? तो पाटीवरचा शब्द. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’, ‘कृपया शांतता राखा’. घरात कुणी ‘कृपया पाणी द्या’ म्हणालं तर याचं काही बिनसलंय का असं वाटेल. त्यामुळे आम्ही प्लीज लावायचो ते वरून मीठ भुरभुरावं तसं, आणि घाईत असलो की तेही राहून जायचं. इंग्रजीतही मान असतो. तो क्रियापदाच्या आधी येऊन उभा राहतो. ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’. दारातून हाक मारून, आत येऊ का विचारून, मग काम सांगायचं. मी हे सव्वीस वर्षं एक्स्पोर्टचे कागद करता करता, पत्रव्यवहार वाचून वाचून शिकले. मला कुणी हे असं समोर बसवून सांगितलं नव्हतं, आणि मीही या मुलाला सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात इंग्रजी आलं ते टाइपरायटरमधून. बाबा गोरव्याकडच्या एका कारखान्यात स्टेनोग्राफर होते, चौतीस वर्षं. लग्नाआधी पहाटे सहाला रावपुऱ्यातल्या टायपिंगच्या क्लासला जायचे, तिथेच पिटमनचं शॉर्टहँड शिकले. मला आठवतात ते रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्यावर हिंचक्यावर बसून मांडीवरच्या वहीत सरासरा रेघोट्या ओढणारे बाबा. पुण्याचे पाहुणे आमच्या ‘हिंचक्या’ला हसायचे, त्यांचा झोपाळा. बाबांच्या पेन्सिलीला टोक असं असायचं की कागदावर दाब पडला न पडला. बातम्या संपल्या की त्या रेघोट्या बघून ते सगळं पुन्हा वाचून दाखवायचे, आणि मला वाटायचं त्यांना जादू येते. कधी कार्बन कॉप्या घरी यायच्या, जांभळट अक्षरांच्या, बोटांना डाग लावणाऱ्या. ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर ऑफ द ट्वेल्फ्थ इन्स्टंट.’ इन्स्टंट म्हणजे चालू महिन्याचा, अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्याचा, प्रॉक्सिमो म्हणजे येत्या. हे मला आठव्या वर्षी पाठ होतं. ‘वी बेग टु अ‍ॅक्नॉलेज’ असं एकदा वाचलं आणि विचारलं, बाबा, भीक कोण मागतंय? ते म्हणाले, ‘कुणी नाही. तो मायना आहे. आपण साष्टांग नमस्कार विनंती विशेष लिहितो, तेव्हा पत्र लिहिणारा खरंच जमिनीवर पालथा पडतो का?’

‘डू द नीडफुल’ हे त्याच पेटीतलं. साहेबाच्या जुन्या कचेरीतून आलेलं. त्यांनी कधीच टाकून दिलं आणि आपण सांभाळून ठेवलं. या मुलाने ते आमच्याच कॉम्प्युटरमधल्या जुन्या पत्रातून उचललं होतं. मी त्याला चूक म्हणायला तयार नाही. वडोदऱ्याहून चेन्नईला आजही हे वाक्य रोज जातं, काम होतं, कुणाला टोचत नाही. आपल्या कचेऱ्यांचं ते खरंखुरं इंग्रजी आहे आणि त्यावर लाखो घरं चालली, आमचंही. पण यॉर्कशायरच्या कानाला ते इस्त्री केलेल्या कडक कॉलरमधून बोलल्यासारखं लागतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ‘हे आता लिहू नकोस’ म्हणताना मला वाटलं मी बाबांच्याच एका कागदावर काट मारतेय.

या गावात इंग्रजी शिकण्याची गोष्ट निघाली की माझ्या डोळ्यापुढे कवळाण्याचा गोपाळ येतो, म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड. १८७५ साली बारा वर्षांचा मुलगा राजवाड्यात आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. मला मात्र ते पुढचं सोडून मधलीच वर्षं दिसत राहतात. एलियट साहेब शिकवायला, आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम अंगावर. मालेगावकडच्या शेतात वाढलेल्या जिभेने पहिल्यांदा इंग्रजी शब्द उच्चारला असेल, तेव्हा ती किती अडखळली असेल? २८ डिसेंबर १८८१ला त्या मुलाच्या हाती पूर्ण कारभार आला. सहा वर्षं. आणि तरीही पुढे महाराजांची महत्त्वाची पत्रं आणि भाषणं इंग्रजीत बांधायला अरविंद घोषांसारखा माणूस लागायचा. अरविंदबाबूंचं दांडिया बाजारातलं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सातव्या वर्षी विलायतेला गेलेले, १८९३ला बडोद्याला आले तेव्हा इंग्रजी त्यांना मातृभाषेसारखी होती आणि स्वतःची बंगाली मात्र ते इथे बसून नव्याने शिकले. त्या घरावरून जाताना मला बरं वाटतं. कुणाला कुठली भाषा कुठल्या वयात शिकावी लागेल याचा नेम नाही, आणि त्यात कमीपणा तर नाहीच नाही.

महाराजांचं अजून एक काम मला फार मोठं वाटतं. १९३१ साली बडोदे सरकारने ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ छापला. कारभारातला इंग्रजी शब्द आणि त्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. बाबांच्या एका स्नेह्यांकडे मी तो एकदा हाताळलाय. पानं पिवळी, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. ज्या माणसाला स्वतः बाराव्या वर्षी अक्षरापासून सुरुवात करावी लागली, त्यालाच हे सुचलं असावं असं मला वाटतं. कचेरीच्या भाषेबाहेर उभा राहिलेला माणूस काय भोगतो हे त्याला ठाऊक होतं.

मला ते १९९५ साली कळलं, मुंबईत. परदेशी कंपनीची मुलाखत होती. बडोदा एक्स्प्रेसने पहाटे उतरले, वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, आईची निळी साडी नेसले. पहिलाच प्रश्न, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ मी सांगायला लागले. वडील अमुक, आई तमुक, आम्ही तीन भावंडं, वाडा दांडिया बाजारात, आजोबा हुजूर कचेरीत होते. समोरच्या माणसाने शेजाऱ्याकडे बघून ओठ दुमडले आणि मला मध्येच थांबवलं. बाहेर आल्यावर मी मनात माझं प्रत्येक वाक्य तपासलं. व्याकरणाची एकही चूक सापडली नाही. तरी कित्येक वर्षं मी धरून चालले होते की माझं इंग्रजी कच्चं पडलं. खरी गोष्ट खूप उशिरा लक्षात आली. आपल्याकडे ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हणजे तुम्ही कोणाच्या, कुठल्या, हे सांगा. त्यांना हवं होतं तू काय काम केलंस, तुला काय येतं. मी प्रश्नाचं उत्तर नीट दिलं होतं, फक्त आमच्या वाड्यातल्या प्रश्नाचं. त्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने ते सांगितलं नाही याचा राग मला आजही आहे.

म्हणून मी ठरवलं की या मुलाला जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं द्यायची. त्याला दोन वर्षांनी जर्मनीला किंवा इंग्लंडला जायचंय. अलकापुरीत, फतेहगंजात जागोजागी परदेशी झेंड्यांच्या पाट्या लागल्यात, तसल्याच एका क्लासला त्याने पैसे भरलेत. आयईएलटीएस ही परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, तिच्यातली बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. तेवढा वेळ न अडखळता बोलायचं ते लोक शिकवतात आणि व्हिसासाठी त्याचा उपयोग आहेच. पण अकरा मिनिटं बोलता येणं आणि अकरा वर्षं गिऱ्हाईक टिकवणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतराबद्दल त्या पाट्यांवर काही लिहिलेलं नसतं.

पहिल्या दिवशी मी व्याकरण काढलंच नाही. ट्रंकेतून ग्वाल्हेरच्या आत्याचं एक आंतर्देशीय पत्र नेलं होतं. निळा कागद, घड्यांवर झिजून आरपार दिसणारा. ‘ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.’ त्याने पोळीचा तुकडा खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, वि. वि. म्हणजे काय? विनंती विशेष, मी म्हटलं. आधी नमस्कार, मग विनंती, मग विशेष म्हणजे जे मुद्द्याचं ते. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मग वहीत रेघ मारून समोर लिहिलं: ‘आय होप यू आर वेल’, मग ‘आय अ‍ॅम रायटिंग रिगार्डिंग’, मग काम, आणि ‘लोभ असावा’समोर ‘काइंड रिगार्ड्स’. तो बघतच राहिला. ‘म्हणजे हे सगळं आपल्याकडे होतं?’ होतं की. त्याच्या पिढीला पत्रं आलीच नाहीत, एवढंच.

मग मी त्याला विचारलं, साहेबांच्या केबिनमध्ये सुट्टी मागायला जातोस तेव्हा काय म्हणतोस? ‘सर, जरा विचारायचं होतं.’ होतं कशाला? तुला तर आत्ता विचारायचंय. तो गप्प. चटणीत बोट फिरवत विचार करत बसला आणि मग म्हणाला, ‘होतं म्हटलं की नरम पडतं.’ बस. ‘आय वॉन्टेड टु आस्क’ आणि ‘आय वॉज वंडरिंग’ यांतला भूतकाळ हेच करतो. हे मी त्याला शिकवलं नाही, ते त्याच्याकडेच होतं.

आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले ते ‘पर्यंत’वर. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत मी सुरतेला आहे’, आपल्याला दोन्हीकडे एकच पर्यंत पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अन्टिल’. तो लिहायचा ‘वी विल सेंड अन्टिल फ्रायडे’, आणि वाचणाऱ्याला वाटायचं शुक्रवार येईतो हे रोज काहीतरी पाठवत राहणार. गंमत अशी की आमच्या जर्मन गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या मेलमध्येही नेमकी हीच चूक असते, कारण त्यांच्या भाषेतही दोन्हीला एकच ‘बिस’. हे सांगितलं तेव्हा त्या मुलाच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. एवढ्या मोठ्या कंपनीतला जर्मन इंजिनियर आणि नवापुऱ्यातला हा एकाच खड्ड्यात पडतात. बाकी गोष्टी भराभर झाल्या. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश, लाखाऐवजी मिलियन, अमेरिकेला तारीख आकड्यांत लिहायची नाही, महिना अक्षरांत. आणि ‘टेबल’ हे क्रियापद जपून वापरायचं, कारण विषय ‘टेबल’ करू म्हटलं की इंग्लंडचा माणूस तो चर्चेला घेतो आणि अमेरिकेचा बाजूला ठेवतो.

कधी कधी मनात येतं, वाकायचं ते आपणच का? यॉर्कशायरच्या बाईंना कुणी ‘पाठवा’ शिकायला सांगत नाही. हे खरं आहे, आणि ते बोचतं. पण हेही खरं की त्यांनी फोन केला. दुसरा पुरवठादार शोधणं त्यांना अवघड नव्हतं. त्या आठवड्यात मी त्यांना फोनवर सगळं समजावलं, आमच्या भाषेत मान कुठे असतो, ‘सेंड’ म्हटल्यावर तो कसा गळून पडतो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘सो ही वॉज बीइंग पोलाइट.’ म्हणजे तो अदबीनंच लिहीत होता. हो, मी म्हटलं. पूर्ण अदबीनं.

परवा त्या मुलाने त्यांना लिहायची मेल आधी मला दाखवली. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द टेस्ट रिपोर्ट बाय फ्रायडे.’ मी एक अक्षर बदललं नाही. टाइप करण्याआधी तो पुटपुटताना मला ऐकू आलं होतं, ‘पाठवाल का, शुक्रवारच्या आत.’

रात्री जेवणं झाल्यावर बाबांना हे सांगितलं. ते चौऱ्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं म्हणून हिंचक्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलावं लागतं. नीडफुल आता लिहीत नाहीत हे मी सांगणार नव्हते, पण सांगितलं गेलं. त्यांनी पायाने हिंचका थांबवला. ‘बेग टु’ही गेलं? गेलं बाबा, केव्हाच. काही वेळ ते कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग आता काय लिहितात?’ मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, ‘हे पाठवावे झालं, की पाठवाल का?’ पाठवाल का, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, उशाशी ठेवलेली पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कोऱ्या कडेला झरकन दोन बाक, एक रेघ आणि एक टिंब काढलं. मला शॉर्टहँड वाचता येत नाही. पण सकाळी रद्दीत टाकण्याआधी तेवढी कड मी कातरून घेतली.